हाऊसफुल्लची अट

२०११ च्या डिसेंबरात मी मुलीकडे अमेरिकेत होते. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, कॅनडाच्या हद्दीला खेटून बफेलो नावाचं शहर आहे. त्याच्याच एका उपनगरात ती राहते. रविवारची दुपार होती. बाहेर कडाक्याची थंडी, आणि शेजारचे गृहस्थ गॅरेजचं दार अर्धवट उघडं ठेवून, अंगावर जाड जाकीट चढवून रेडिओ ऐकत बसलेले. यांच्या घरात भिंतभर टीव्ही आहे, हे मला ठाऊक होतं. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, आज मॅच ब्लॅकआउट आहे. तिकिटं खपली नाहीत ना सगळी."

ब्लॅकआउट म्हटलं की माझ्या पिढीच्या मुंबईकराला डिसेंबर १९७१ आठवतो. खिडक्यांच्या काचांना चिकटवलेले काळे कागद आणि चाळीच्या अंगणातून "दिवा बंद करा" म्हणून ओरडणारा वॉर्डन. इथला ब्लॅकआउट निराळा होता. बफेलोच्या 'बिल्स' या फुटबॉल संघाचा सामना शहराच्या वेशीवरच्या स्टेडियममध्ये चालू होता. (हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ.) सामना टीव्हीवर होताही, पण स्टेडियमपासून पंचाहत्तर मैलांच्या, म्हणजे सुमारे एकशेवीस किलोमीटरच्या परिसरात तो दिसणार नव्हता. ज्या गावाचा संघ, त्याच गावाच्या पडद्यावर अंधार.

संध्याकाळी त्या गृहस्थांशी कुंपणापाशी बोलणं झालं. जवळच्या लॅकवाना गावच्या पोलाद कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. १९८३ मध्ये तिथल्या भट्ट्या थंडावल्या. तोवर आणि त्यानंतरही काही वर्षं ते मोसमाचं तिकीट काढत. आता गुडघे स्टेडियमच्या पायऱ्या चढू देत नाहीत. हे सगळं त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. मला मात्र त्या रात्री झोप लागेना. कारण रिकाम्या खुर्चीची भीती काय असते, हे मी आमच्या घरात पाहिलं होतं.

माझे वडील गिरगावातल्या एका नाट्यगृहाच्या बुकिंगच्या खिडकीवर बसत. समोर खुर्च्यांचा छापील प्लॅन, हातात लाल-निळी पेन्सिल. विकल्या गेलेल्या खुर्चीवर फुली मारायची. ज्या दिवशी प्लॅन फुल्यांनी भरायचा, त्या दिवशी ते येताना बटाटेवडे आणत. प्लॅन अर्धा कोरा राहिला की जेवताना कोणी बोलत नसे. हाऊसफुल्लची पाटी लागली की बाहेरच्यांनी मुकाट्याने परत फिरायचं, एवढाच त्या पाटीचा अर्थ मला ठाऊक होता. इथे पाटी लागली नाही म्हणून घरात बसलेल्यांनाही खेळ बघता येत नव्हता. हा उफराटा नियम कुणी, कधी आणि कशासाठी केला, याचा माग मी पुढचे तीन महिने तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसून काढला. ग्रंथालयातली नोकरी करूनच निवृत्त झाले असल्याने ते काम अंगवळणी पडलेलं होतं.

*

गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसला, १९५० साली. टीव्ही तेव्हा नवा होता आणि टीव्हीसंच बनवणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाईक हवं होतं. त्यांतल्या 'अ‍ॅडमिरल' कंपनीने लॉस एंजेलिस रॅम्स या संघाशी करार केला. संघाचे घरच्या मैदानावरचे आणि बाहेरगावचे सगळे सामने टीव्हीवर दाखवायचे. त्यामुळे घरच्या सामन्यांचं तिकिटांचं उत्पन्न घटलंच, तर कंपनी ते भरून देणार.

त्या वर्षी रॅम्सचा संघ बहरात होता. सामन्यागणिक सरासरी अडतीसहून अधिक गुण कमावणारा, बघत राहावा असा खेळ. तरीही मैदान ओस पडलं. १९४९ मध्ये घरच्या सामन्यांना मिळून सुमारे दोन लाख पाच हजार प्रेक्षक आले होते. १९५० मध्ये ते एक लाख दहा हजारांवर आले. करारानुसार कंपनीला तीन लाखांहून अधिक डॉलर मोजावे लागले. पुढच्या वर्षी घरच्या सामन्यांचं प्रक्षेपण बंद झालं आणि प्रेक्षक परतले. १९५१ ची आकडेवारी १९४९ च्याही पुढे गेली.

एका संघाचा एका मोसमाचा अनुभव, एवढंच खरं तर त्याचं मोल. पण नॅशनल फुटबॉल लीगचे आयुक्त बर्ट बेल यांना तो पुरेसा होता. बेल मूळचे फिलाडेल्फियाचे. आर्थिक मंदीच्या काळात त्यांनी स्वतःचा संघ चालवला होता आणि रिकामी मैदानं पाहिली होती. शिवाय आजूबाजूला जे घडत होतं, ते भीती वाढवणारंच होतं. गावोगावच्या दुय्यम बेसबॉल लीगांना १९४९ साली चार कोटींच्या घरात प्रेक्षक होते. दशक संपेपर्यंत त्यांच्या निम्मेही उरले नाहीत. मोठे सामने घरबसल्या दिसू लागल्यावर गल्लीतला खेळ बघायला कोण जाणार? संघांचं पोट तेव्हा तिकिटांवरच चालत होतं. फुकट मिळणारी वस्तू कुणी पैसे देऊन घेत नाही, हे बेल यांचं सरळ गणित होतं. माझे वडील बुकिंगच्या खिडकीतून त्यांच्याकडे बघून मान डोलावते, याची मला खात्री आहे.

बेल हे खुर्चीला चिकटलेले बडे अधिकारी नव्हते, हेही सांगायला हवं. ११ ऑक्टोबर १९५९ रोजी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन फील्डवर सामना बघत असतानाच हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते सामान्य प्रेक्षकांतच बसलेले होते.

*

बंदीचा नियम लगेच कोर्टात गेला. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९५१ मध्ये लीगवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. वेगवेगळ्या मालकांचे संघ एकत्र येऊन कुठे काय दाखवायचं हे ठरवतात, म्हणजे ही संगनमतच झाली, असा सरकारचा आरोप होता. १२ नोव्हेंबर १९५३ रोजी न्यायाधीश अ‍ॅलन ग्रिम यांनी निकाल दिला. संघ बाहेरगावी खेळत असताना त्याच्या गावात दुसरे सामने दाखवायला मज्जाव करणं त्यांनी बेकायदा ठरवलं. संघ घरच्या मैदानावर खेळत असेल त्या दिवशी मात्र त्या परिसरात प्रक्षेपण रोखणं वाजवी ठरवलं. त्यामागची त्यांची कारणमीमांसा वाचण्यासारखी आहे. सर्वसाधारण धंद्यात एक दुकान बुडालं तर दुसऱ्याचा फायदा होतो. खेळात तसं नसतं. दुबळा संघ बुडाला तर बलवानाला खेळायला प्रतिस्पर्धीच उरत नाही. म्हणून दुबळ्याची तिकीटबारी सांभाळणं सगळ्यांच्याच हिताचं.

पुढे १९६१ मध्ये लीगने सगळ्या संघांच्या वतीने सीबीएस या वाहिनीशी एकच करार केला, तेव्हा तो याच न्यायाधीशांनी अडवला. लीगचे नवे आयुक्त पीट रोझेल यांनी वॉशिंग्टन गाठलं आणि दोन-तीन महिन्यांत काँग्रेसकडून हवा तो कायदा करून घेतला. ३० सप्टेंबर १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्यावर सही केली. एकत्र करार करण्याची मुभा मिळाली आणि घरच्या परिसरातली बंदीही कायद्याने मान्य झाली. सीबीएसने पुढच्या दोन मोसमांसाठी वर्षाला साडेशेहेचाळीस लाख डॉलर मोजले. हे रोझेल आयुक्त होण्यापूर्वी कुठे होते? लॉस एंजेलिस रॅम्सच्या कचेरीत, आधी प्रसिद्धीचं काम बघत आणि मग संघाचे व्यवस्थापक म्हणून. १९५० च्या ओस पडलेल्या मैदानाची आठवण त्या कचेरीच्या भिंतींत मुरलेली असणारच.

*

आता या नियमातली खरी मेख. आज आपण जी अट ऐकतो ती "तिकिटं खपली नाहीत तर बंदी" अशी आहे. पहिली वीस-बावीस वर्षं ती तशी नव्हतीच. सगळी तिकिटं खपली, पाटी लागली, बाहेर लोक हात हलवत उभे राहिले, तरीही घरचा सामना दाखवला जात नसे.

२८ डिसेंबर १९५८ चा अंतिम सामना या खेळाच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ मानणारे पुष्कळ आहेत. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोर कोल्ट्सनी न्यूयॉर्क जायंट्सना जादा वेळेत २३-१७ असं हरवलं. देशभरात सुमारे साडेचार कोटी लोकांनी तो टीव्हीवर पाहिला असा अंदाज आहे. व्यावसायिक फुटबॉल टीव्हीचा खेळ झाला तो त्या दिवशी, असं म्हणतात. प्रत्यक्ष न्यूयॉर्कमध्ये मात्र तो टीव्हीवर नव्हता.

न्यूयॉर्ककरांनी यावर उपाय शोधला. पंचाहत्तर मैलांच्या रेघेपलीकडे, शेजारच्या कनेक्टिकट राज्यातल्या मोटेलांत खोली घ्यायची आणि तिथला टीव्ही लावायचा. मित्रमंडळी गाड्या भरून निघत. स्टेडियमच्या अंगणात राहणारा माणूस सामना बघायला दोन तास उलट दिशेने गाडी हाकत जात होता. १९६२ चा अंतिम सामना पुन्हा यांकी स्टेडियमवर आला, तेव्हा काही चाहते थेट न्यायालयात गेले. न्यायाधीश एडवर्ड वाइनफेल्ड यांनी त्यांची मागणी फेटाळली. ३० डिसेंबरला गारठवणाऱ्या वाऱ्यात जवळजवळ पासष्ट हजार लोक स्टेडियममध्ये होते आणि उरलेलं शहर रेडिओला कान लावून होतं. ग्रीन बे संघ १६-७ असा जिंकला.

तिकीटबारी वाचवण्यासाठी केलेला नियम तिकीटबारीवर एकही तिकीट उरलं नसताना कशाला हवा होता? रोझेल यांचं उत्तर असं की, आज टीव्हीवर दिसेल या भरवशावर उद्या कुणी मोसमाचं तिकीट काढणार नाही. शिवाय ज्यांनी काढलं आहे तेही पाऊस-बर्फ बघून घरी बसतील आणि मैदानातल्या खाण्यापिण्याच्या गाड्यांचा, पार्किंगचा धंदा बुडेल. म्हणजे भीती आता रिकाम्या खुर्चीची राहिली नव्हती. खुर्ची कधीतरी रिकामी होऊ शकेल, या शक्यतेची होती.

*

डिसेंबर १९७२ मध्ये हा ताण तुटला. २३ डिसेंबरला पिट्सबर्गमध्ये स्टीलर्स आणि ओकलंड रेडर्स यांचा बाद फेरीचा सामना होता. पिट्सबर्गचा संघ चाळीस वर्षं हरत आला होता. बाद फेरीतला एकही विजय नावावर नव्हता. शेवटची बावीस सेकंद उरलेली, स्टीलर्स एका गुणाने मागे. टेरी ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू खेळाडूंच्या टकरीत उसळला आणि जमिनीला टेकणार तोच फ्रँको हॅरिसने बुटांजवळून तो उचलला आणि धावत सुटला. स्टीलर्स १३-७ ने जिंकले. अमेरिकन फुटबॉलमधला सर्वांत प्रसिद्ध क्षण म्हणून आजही त्याचं नाव घेतात. सगळी तिकिटं खपलेली होती, तरी पिट्सबर्गच्या टीव्हीवर तो क्षण दिसला नाही. ज्या गावाने त्याची चाळीस वर्षं वाट पाहिली, त्या गावाला तो रेडिओवर ऐकावा लागला.

तिकडे राजधानी वॉशिंग्टनचा संघही जिंकत सुटला होता आणि तिथल्या मैदानाची तिकिटं १९६६ पासून दर मोसमात संपत होती. सिनेटर, काँग्रेस सदस्य, न्यायाधीश सगळे अंधारात. खुद्द राष्ट्राध्यक्ष निक्सन या संघाचे कट्टर चाहते. त्यांनी कायदेमंत्री रिचर्ड क्लाइनडिन्स्ट यांना रोझेलकडे पाठवलं. बाद फेरीपुरती बंदी उठवा, मग नेहमीच्या सामन्यांबद्दलचा कायदा आम्ही येऊ देणार नाही, असा तो सौदा होता. ही बोलणी ओव्हल ऑफिसमधल्या ध्वनिफितींवर मुद्रित आहेत. त्याच दिवसांत हनोईवर बॉम्बवर्षाव चालू होता, हे लक्षात घेतलं की त्या फितींचा विषय आणखीच विचित्र वाटतो. रोझेल यांनी राष्ट्राध्यक्षांना नकार दिला. ३१ डिसेंबरला वॉशिंग्टनने डलासला २६-३ असं धुऊन काढलं आणि वॉशिंग्टनकरांनी ते रेडिओवर ऐकलं.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झालं होतं. आमच्या चाळीत पहिला संच आला, तेव्हा वडील तो बघायला गेले नाहीत. "आता प्लॅन कोरा राहणार," एवढंच म्हणाले. पुढे शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर मराठी सिनेमा लागला की ते खिडकीवर नुसते बसून राहत. ते कुणावर रागावलेले मला आठवत नाहीत. पण त्यांच्या हातात नियम करण्याची सत्ता असती, तर त्यांनीही गिरगावापुरता टीव्ही बंद केला असता का, हा प्रश्न मला त्या ग्रंथालयात अनेकदा पडला.

*

चिडलेल्या काँग्रेसने पुढच्या मोसमाच्या आत कायदा केला. सिनेटर जॉन पॅस्टोर यांनी तो लावून धरला होता. १४ सप्टेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी सही केली. दोन दिवसांनी मोसम सुरू व्हायचा होता. सामन्याच्या बहात्तर तास आधी सगळी तिकिटं खपलेली असतील, तर घरच्या परिसरात सामना दाखवावाच लागेल, अशी त्यात तरतूद होती. ती १९७५ अखेरपर्यंतच होती. मुदत संपल्यावर नवा कायदा झाला नाही, पण लीगने तोच नियम स्वतःहून पुढे चालू ठेवला. १९७५ मध्येच फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या सरकारी आयोगाने त्याला जोड दिली. स्थानिक वाहिनीवर बंदी असलेला सामना केबलवाल्यांनीही दाखवायचा नाही, असा तो नियम होता. पुढे उपग्रह वाहिन्याही त्यात आल्या.

अशा रीतीने हाऊसफुल्लची अट जन्माला आली. ती चाहत्यांच्या बाजूने झालेली सुधारणा होती, हे विसरून चालणार नाही. पण तिने एक वेगळाच खेळ सुरू केला. रविवारी दुपारी एकचा सामना असेल, तर बहात्तर तासांची मुदत गुरुवारी दुपारी एकला संपायची. स्थानिक बातम्यांत आकडा फिरायचा: अजून चार हजार उरलीत, अजून अठराशे. मग कुणी किराणा साखळीदुकान, कुणी बँक, कुणी मोटारविक्रेता उरलेली तिकिटं उचलायचा आणि शाळांना, सैनिकांच्या कुटुंबांना वाटायचा. संघमालकालाही उरलेली तिकिटं सुमारे एक-तृतीयांश किमतीत स्वतःच घेऊन टाकण्याची सोय होती. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल संघाने २००५ मध्ये तर जवळजवळ दहा हजार खुर्च्यांवर ताडपत्री घातली. झाकलेली खुर्ची मोजणीत धरत नाहीत. प्लॅनवरच्या कोऱ्या चौकोनांवर कागद चिकटवून हाऊसफुल्लची पाटी लावावी, तसा हा प्रकार. वडिलांना मी हे सांगू शकले असते, तर ते पोट धरून हसले असते.

ज्या गावांना ही युक्ती जमली नाही, तिथे फटका बसला तो नेमका दुबळ्यांना. डेट्रॉईटचा संघ २००८ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरला. त्याच वर्षी तिथला मोटार-उद्योग कोसळत होता. लोकांच्या नोकऱ्या गेल्या, तिकिटं उरली आणि शिक्षा म्हणून टीव्हीही बंद झाला. बफेलोचं तेच. २०१० च्या जनगणनेत शहराची वस्ती दोन लाख एकसष्ट हजार. स्टेडियम मात्र शहराच्या भरभराटीच्या आशेवर बांधलेलं, त्र्याहत्तर हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. कारखाने गेले, तरुण मंडळी दक्षिणेकडे गेली, खुर्च्या मात्र पुष्कळ राहिल्या. डिसेंबरच्या थंडीत त्या भरणार कशा? ग्रिम यांनी दुबळ्या संघाला सांभाळण्यासाठी जे वाजवी मानलं होतं, ते आता दुबळ्या शहराला भोवत होतं. म्हातारे, आजारी, रविवारी पाळी असलेले, तिकीट न परवडणारे लोक टीव्ही बंद केल्याने तिकीट काढणार नव्हतेच.

*

मी भारतात परतल्यावरही या विषयावर लक्ष ठेवून होते. २०१२ मध्ये लीगने संघांना पंच्याऐंशी टक्के खपावर भागवून घेण्याची मुभा दिली. सत्तरच्या दशकाच्या मध्यात जवळजवळ साठ टक्के सामन्यांवर बंदी येत असे. २०१३ मध्ये दोनशे छप्पन्नपैकी फक्त दोन सामने अंधारात गेले. वाहिन्यांकडून येणारा पैसा आता वर्षाला अब्जावधी डॉलर झाला होता. त्यापुढे तिकीटबारी हे वरकड उत्पन्न होतं. १९५० ची भीती ज्या हिशेबावर उभी होती, तो हिशेबच उलटला होता. तरीही लीगने आयोगापुढे नियमाची बाजू लढवली.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आयोगाचे एक सदस्य बफेलोला आले आणि हा नियम रद्द व्हावा, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांचं नाव अजित पै. भारतातून गेलेल्या कोकणी डॉक्टर दांपत्याचा हा मुलगा. जन्म १९७३ चा, म्हणजे हाऊसफुल्लच्या कायद्याच्या वर्षातला, आणि तोही बफेलोतच झालेला. ३० सप्टेंबर २०१४ रोजी आयोगाने पाच विरुद्ध शून्य मतांनी नियम काढून टाकला. २०१५ च्या मोसमासाठी लीगनेही आपली बंदी स्थगित केली आणि नंतर ती पुन्हा लावली नाही. मैदानं ओस पडली का? नाही. करोनाचं वर्ष सोडलं, तर सामन्यागणिक सरासरी प्रेक्षकसंख्या साठ हजारांच्या वरच राहिली आहे.

हाच प्रश्न आपल्याकडे वेगळ्या वाटेने आला. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. त्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यातल्या मुख्य निकालपत्रात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. २००७ च्या कायद्याने तर राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला देणं खासगी वाहिन्यांवर बंधनकारक झालं. आपल्या व्यवस्थेत दुसरे दोष आहेत. पण खेळ बघण्याचा हक्क खुर्च्या भरण्याशी बांधावा, असं आपल्याकडे कायद्याने कधी म्हटलं नाही.

बेल यांची भीती खोटी होती असं मला वाटत नाही, वडिलांचीही नव्हती. १९५० साली ती रास्त होती. कागदपत्रं वाचताना मला खटकलं ते एवढंच की, एका मोसमाच्या आकड्यांवरून केलेला नियम चौसष्ट वर्षं टिकला आणि नियम करणाऱ्यांनी तो आकडा पुन्हा तपासून बघितला नाही. तपासण्याची गरज वाटावी असं नुकसान त्यांचं होतही नव्हतं. ते होत होतं गॅरेजमध्ये जाकीट घालून बसणाऱ्यांचं.

२०१५ च्या हिवाळ्यात मुलीला फोनवर मुद्दाम विचारलं, शेजारचे काका आता कुठे बसतात? ती हसली. म्हणाली, घरातच बसतात, टीव्हीसमोर. फक्त टीव्हीचा आवाज बंद करतात आणि शेजारी रेडिओ लावून ठेवतात.